आधीचं नाव काय होतं?

मी, मालिवान लिमसाकुन, वय बहात्तर, धंदा औषधविक्री, राहणार त्रांग शहर, दक्षिण थायलंड, घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट हे लिहू नको म्हणणारेच घरात जास्त आहेत. आधीचे मृत्युपत्र मी स्वतः फाडले आहे. गावात मला सगळे प्रानोम म्हणून ओळखतात आणि गेल्या वर्षापर्यंत सरकारदरबारीही माझे तेच नाव होते. ते का बदलले हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, नाहीतर पुढची कलमे म्हातारीचा चळ वाटतील.

कलम १. दुकान.
वडिलांच्या वेळी हे काष्ठौषधींचे दुकान होते. त्यांचे लाकडी खण मागच्या भिंतीला अजून आहेत आणि दमट हवेत ज्येष्ठमधाचा वास सोडतात. मी औषधशास्त्र शिकून आले आणि पुढे काचेची कपाटे लावली. खण, कपाटे आणि सगळ्या मालासह हे दुकान रुंगनाफा हिला द्यावे. रुंग माझ्याकडे नवी पदवी घेऊन आली आणि माझ्या तोंडाळपणाला पुरून उरली. गोळ्या मोजायचे पितळी तबकही तिचेच. प्लास्टिकचे घ्यायचे असेल तर निदान मी गेल्यावर माझ्या शंभराव्या दिवसाचे पुण्यदान होईपर्यंत थांबावे.

दुकानावर माझी अट एकच. गिऱ्हाइकाला 'कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?' एवढे विचारून थांबायचे नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारायचा: 'आधीचं नाव काय होतं?' आमच्याकडे कितीतरी लोकांनी एकदा तरी नाव बदललेले असते. कोणाचा धंदा बसला म्हणून, कोणाचा नवरा पळाला म्हणून, कोणाला लॉटरी लागेना म्हणून.

रुंग सुरुवातीला लाजायची. "बाई, लोकांना राग येतो हो. जुनं नाव म्हणजे त्यांचं जुनं दुखणं असतं."

"येऊ दे की राग. रागानं कातडी सोलून निघत नाही," मी म्हणाले. आता ती न लाजता विचारते. तिच्यानंतर जो कोणी दुकानाच्या फळीमागे उभा राहील त्यानेही विचारावे.

कलम २. माझी बहीण.
या कलमात कोणालाही काही द्यायचे नाही, पण हे वगळले तर बाकीचा कागद रद्दी आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे नाव मालिवान. होय, जे आज माझे आहे तेच. तिच्या गालात वीज कडाडावी अशी शिरेची कळ यायची; दात घासायचीही भीती. इस्पितळात तिला कार्बामाझेपिन नावाची गोळी दिली. पुष्कळांना ती चांगली लागू पडते. तिला आधी ताप आला, मग तोंड आले, डोळे लाल झाले, आणि अंगावर फोड येऊन कातडी निघू लागली. ती वाचली, पण उजवा डोळा कायमचा धूसर झाला. घरी सोडताना तिला एक कार्ड दिले. त्यावर तिचे नाव, गोळीचे नाव, आणि ही गोळी पुन्हा कधीही देऊ नये अशी सूचना. काही माणसांच्या रक्तात आईबापांकडून आलेली एक खूण असते, तिचे आणि या गोळीचे जमत नाही, हे आज एका तपासणीत कळते. तेव्हा आमच्याकडे ती तपासणी नव्हती. कार्ड हेच काय ते कवच.

तिचा नवरा विचिएन तिला देवळातल्या ज्योतिषी भिक्खूंकडे घेऊन गेला. मुलगी शुक्रवारी जन्मलेली आणि नावात त्या वाराला अशुभ असलेले ल आणि व, मग भोग चुकतील कसे, असे त्यांनी सांगितले. नात्थनिचा असे नवे नाव काढून दिले. उच्चारताना माझी जीभ टाळूला चिकटायची, पण तिने ते आनंदाने घेतले. जुन्या नावाचे जे जे घरात होते ते सगळे तिने पूर्वजांसाठी जाळतात त्या कागदी सोन्याबरोबर अंगणातल्या भट्टीत जाळले. त्यात ते कार्डही गेले. मला हे ती गेल्यावर कळले.

पुढे ती दोघे कामासाठी दुसऱ्या गावी राहत असताना गालाची कळ परतली. तिथल्या डॉक्टरांनी रीतसर विचारले, "कुठल्या औषधाचा त्रास झालाय का कधी?" ती म्हणाली, "नाही हो. तो आधीच्या नावाला झाला होता, ते नाव आता गेलं." डॉक्टर हसले, तीही हसली, असे विचिएन सांगतो. दुसऱ्या खेपेला ती वाचली नाही.

कलम ३. मेहुणा विचिएन.
याला मी काही देणार नव्हते. ज्या वर्षी बहीण गेली त्याच वर्षी हा बुलबुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस घेऊन आला आणि पिंजरा माझ्या गच्चीला टांगून गेला, तो आजतागायत तिथेच आहे; आतले पक्षी तेवढे बदलत गेले. मी त्याच्याशी वर्षानुवर्षे फक्त 'जेवलास का' एवढेच बोलले. तरी लिहून ठेवते, की त्याने जे केले ते तिच्यावर जीव होता म्हणून केले. माफ केलेले नाही. पण गच्चीवरची पिंजऱ्याची कडी त्याची राहील, आणि रोज सकाळी पक्ष्याला केळे घालायला त्याला घरात येऊ द्यावे.

कलम ४. घर.
बहिणीची मुलगी पिमचानोक, घरात हाक मारायची ती नुन, हिला मीच वाढवले. ती आमच्या गल्लीच्या टोकाला मधोमध भोक असलेले त्रांगचे केक विकते. तिची मुलगी इम सहा वर्षांची आहे. मागच्या वर्षी इमला झटके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू करावे लागेल, पण आधी रक्ताची तपासणी करून घेऊ. झटक्यांवर जी औषधे देतात त्यात तीच गोळी आहे. मी स्वतः तपासून घेतले होते, माझ्यात ती खूण नाही. बहिणीत ती असणारच, तेव्हा नुनमध्ये असू शकते आणि इममध्येही.

नुन तपासणीला तयार होईना. तिची सासू म्हणाली, पोरीचे नाव बदला, झटके जातील. नुनने मान डोलावली.

मी तिला दुकानात बसवले आणि मृत्युपत्र वाचून दाखवले. त्यात लिहिले होते, की इमची आणि तुझी तपासणी झाली तरच घर तुला, नाहीतर देवळाला.

तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मावशी, घर देवळाला देऊन टाक."

"अगं, एक चमचाभर रक्त! तुला पोर नको आहे का?"

"तू नव्हतीस तिथं, मी होते. आईला ते कार्ड दिलं तेव्हापासून ती आजारीच राहिली. आरशात बघायची नाही, माझ्या शाळेत यायची नाही. कार्ड जाळलं त्या दिवशी तिनं पावडर लावली आणि मला घेऊन बाजारात गेली. तेवढीच वर्षं मला हसणारी आई मिळाली. इमच्या हातात कागद आला की ते खरं होईल. मी नाही देणार तो तिच्या हातात."

ती हसत होती हे मलाही आठवते. मी ते मृत्युपत्र तिच्यासमोरच फाडले. घराची भीती घालून हिला हलवता येणार नाही. हट्ट माझ्याच घरात शिकली आहे.

पण पोर माझेही आहे. दुसऱ्या दिवशी मी जिल्हा कचेरीत गेले आणि नाव बदलण्याचा अर्ज केला. टेबलामागची कारकून बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "आजी, या वयात? आणि मालिवान? हे नाव लोक टाकायला येतात, घ्यायला नाही."

"टाकलेलंच हवंय. एका बाईनं जाळलं होतं, मला बघायचंय त्यात काय होतं ते."

नवे ओळखपत्र घेऊन मी सरळ केकच्या दुकानात गेले. नुनचा चेहरा पांढराफटक पडला. "आईचं नाव? ते अशुभ नाव तू अंगावर घेतलंस? मावशी, तुला वेड लागलंय!"

"तू म्हणतेस दुखणं नावात होतं. मग आता ते मला होऊ दे. माझ्या अंगावर फोड उठले तर इमचं नाव मी स्वतः बदलून आणीन आणि तपासणीचं नाव काढणार नाही. नाही उठले, तर काय करायचं ते तू ठरव."

त्या दिवसापासून नुन रोज सकाळी केक द्यायच्या निमित्ताने यायची. मी कॉफी प्यायचे, भाजलेले डुकराचे मांस खायचे, आणि ती काहीबाही बोलत माझी बाही वर सारून दंड बघायची. मीही काही न कळल्यासारखी हात पुढे करायचे. रुंग फळीमागून म्हणायची, "बाई, तुमची रोजची तपासणी आली."

एके सकाळी तिने बाही वर केली आणि तिच्या हातातून केक खाली पडला. माझ्या कोपराजवळ लाल फोड होता. "मावशी! डोळे दाखव. तोंड उघड. ताप आहे का? रुंग, रिक्षा बोलव!" ती माझ्या गालांना, मानेला हात लावत सुटली आणि रडत म्हणत राहिली, "परत घे ते नाव, परत घे."

रुंगने जवळ येऊन दंड उजेडात धरला. "डास चावलाय ताई. रात्री मच्छरदाणी लावली नसेल यांनी."

नुन खाली बसली. आधी हसली आणि मग कितीतरी वेळ हुंदके देत राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. शेवटी नाक पुसून ती म्हणाली, "परवा इमची तारीख आहे. तपासणीचं डॉक्टरांशी तू बोल. माझ्याच्यानं बोलवणार नाही."

मी बोलले. दोघींचे रक्त घेतले. दोघींमध्येही ती खूण निघाली. इमला डॉक्टरांनी दुसरे औषध सुरू केले आहे आणि तिचे झटके आटोक्यात आहेत. कागद हातात आला तेव्हा नुनने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "आईला हे आधी कळलं असतं तर." मीही तेच म्हणत होते, मनात.

तेव्हा घर, अंगण आणि अंगणातली भट्टी विनाअट नुनची. भट्टीत कागदी सोने जाळावे, दुसरे काही नाही.

कलम ५. कार्डे.
मी दुकानासाठी छापखान्यातून कार्डे करून घेतली आहेत. ज्याला कोणाला इस्पितळाने औषध टाळायला सांगितले असेल त्याला रुंगने हे कार्ड फुकट भरून द्यावे. त्यावर नावासाठी पाच ओळी आहेत. छापखानेवाला म्हणाला, नावाला एक ओळ पुरते. त्याला म्हटले, आपल्या गावात नाही पुरत. नाव बदलले की जुने एका रेघेने खोडायचे, पण वाचता आले पाहिजे, आणि खाली नवे लिहायचे. औषधाचे नाव मात्र छापील, ते खोडायला जागा ठेवलेली नाही.

इमचे नाव सासूने शेवटी बदललेच. बदलू दे. पोरीला नवे नाव आवडते. तिच्या कार्डावर दुसऱ्या ओळीत ते लिहिले आहे, माझ्याच अक्षरात.

बँकेत जे असेल ते आसपासच्या गावांतून मोठ्या इस्पितळात तपासणीला जाणाऱ्यांच्या गाडीभाड्याला आणि त्या दिवसाच्या जेवणाला वापरावे. रुंग आणि नुन यांनी मिळून ठरवावे. भांडण झाल्यास नुनचे ऐकावे, कारण रुंग हिशोबाला कच्ची आहे.

कलम ६. माझे अंत्यविधी.
बहिणीच्या अंत्यविधीत पुष्पचक्रांच्या फितींवर नात्थनिचा लिहिले होते आणि भिक्खूंनीही तेच नाव वाचले. मी पुढच्या रांगेत बसून होते आणि हे कोणासाठी चालले आहे तेच मला समजेना. मी तिला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. दरवर्षी तिच्या नावे पुण्य पाठवताना मी कागदावर दोन्ही नावे लिहून जाळते, एखादे तरी पोहोचेल म्हणून.

म्हणून माझ्या वेळी फोटोखाली आणि फितींवर मालिवान लिहावे. भिक्खूंनी मालिवान असे मोठ्याने वाचावे, आणि नुनने पुढच्या रांगेत बसून ऐकावे. तिच्या आईचे नाव तिने लहानपणानंतर चांगल्या आवाजात कोणाकडून ऐकलेले नाही. त्या दिवशी ऐकावे, आणि त्यात भिण्यासारखे काही नव्हते हे इमला सांगावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि साक्षीदारांसमोर वाचून दाखवले.

स्थळ: त्रांग, लिमसाकुन औषधालय, फळीच्या आतली बाजू
दिनांक: ९ मार्च, बौद्ध संवत २५६७

साक्षीदार: उथाय तानसाकुन, समोरच्या कॉफीच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार: राविवान इंतारासुवान, निवृत्त शिक्षिका (सही). मालिवानबाईंनी नवे नाव मोठ्याने उच्चारून सही केली, ते आम्ही दोघांनी ऐकले.

सही: मालिवान लिमसाकुन
आधीचे नाव: प्रानोम. एका रेघेने खोडले आहे, वाचता येते.