प्रशस्तिपत्रावरचा अंगठा

आये, गेल्या रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान झालं. व्याख्यान, हो. सातवीतून शाळा सुटलेल्या तुझ्या मुलाचं. समोर दोन निवृत्त प्राध्यापक, एक वकीलबाई, कॉलेजातली काही मुलं, मिळून त्रेचाळीस माणसं. मी मोजली, मोजल्याशिवाय मला बोलायला सुरुवात करता येत नाही. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांतल्या रामबाण औषधांच्या जाहिराती. तुला तो समजावून सांगायला नको. त्या जाहिरातींची पहिली श्रोती तूच.

वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांची बासनं मी बांधायला घरी आणायचो, तेव्हाची गोष्ट. पानं इतकी ठिसूळ की बोट लागलं तरी कोपरा तुटून हातात यायचा. पुस्तकबांधणी मला कोणी शिकवली नाही. एक जुना ग्रंथ उसवून, पुन्हा शिवून, पुन्हा उसवून मी शिकलो. तुला हे माहीत आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. खळ मात्र तू शिजवायचीस. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्यावर बाहेरून तू चुन्याची फुली मारून ठेवली होतीस आणि ते चुलीच्या डाव्या अंगालाच असायचं, जेवणाची भांडी उजव्या. मी दाराशी उजेडाला बसून पानं लावतोय, तू ढवळते आहेस, आणि ढवळता ढवळता विचारतेस, "आज काय इकतायत रं तुजी जुनी लोका?"

मी वाचून दाखवतो. एकच गोळी, आणि ती हिवताप, कावीळ, अशक्तपणा, सर्पदंश आणि विस्मरण यांवर सारखीच गुणकारी. "म्हंजे साप चावलाय ह्येच इसरत आसंल मानूस," तू म्हणतेस, "मंग बराच की." एक विजेचा पट्टा आहे, कमरेला बांधला की म्हातारा तरणा होतो. "त्यो बांदून दर्यात उतर म्हनावं, मासं आयतं वर येतील." एका पानावर वरच्या बाजूला पटकीने कुठल्या गावात किती माणसं गेली त्याची बातमी, आणि तिच्या खालीच पटकीवरच्या अक्सीर थेंबांची जाहिरात, आमची सही पाहूनच बाटली घ्यावी, नकली मालापासून सावध राहावे. त्यावर तू पळी एकदा पातेल्याच्या काठावर आपटलीस फक्त.

जाहिरातींच्या खाली प्रशस्तिपत्रं असायची, गुण आलेल्या लोकांनी लिहिलेली. त्यातल्या एका बाईचं पत्र तुला आठवत असेल. तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते, चार बाटल्यांत उठून बसले, आता सर्व घरकाम करते. हेच पत्र मला पुढच्या बासनात सापडलं, मग त्याच्या पुढच्यात. अकरा वर्षं तेच पत्र, त्याच शब्दांत, छापखान्यातले अक्षरांचे खिळे तेवढे झिजत गेलेले. तू म्हणालीस, "अकरा वर्सं घरकामच करते का ती बाय? बसू दे की तिला जरा." आणि मग, "मेलीबी आसंल रं ती. मेलेली बाय सांगते, मी बरी हाय."

आये, रविवारी मी तेच बोललो. त्रेचाळीस माणसांसमोर त्या पानांची छायाचित्रं पडद्यावर दाखवत विचारलं, ही बाई नेमकी कधी वारली असेल? मेलेली बाई सांगते, मी बरी आहे. मग टाळ्या. तुझं वाक्य मी माझं म्हणून खपवलं.

सगळे चहाला गेल्यावर एक बाई खुर्चीवरून उठून माझ्यापाशी आली. चाळिशीची, दिवेआगरहून आलेली. पर्समधून तिने घडी घातलेलं एक पत्रक काढलं. तळा गावाच्या पुढे एक जण गाठीवर औषध देतो, त्याचं. म्हणाली, "तुम्ही बोललात ते ऐकलं म्हणून विचारते. माझ्या बहिणीच्या छातीत गाठ आहे. मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे गुरुवारची, पण ती म्हणते आधी हे घेऊन बघते. ह्यातल्या एका बाईचा पत्ता तुमच्या गावचा दिसतोय. ती जिवंत आहे का हो?"

पत्रकावर मजकुराच्या खाली अंगठा छापला होता. अंगठ्याच्या ठशात एक तिरकी पांढरी रेघ, डावीकडून वर जाणारी. सुपारी सोलताना कोयती लागली होती त्या खुणेची. बारा वर्षांत मी तुझा अंगठा पाहिला नव्हता.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, कारण तू गेल्यापासून ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पडवीत सुपारीच्या राशीपाशी बसली होतीस तू. सहज बोलावं तसं म्हणालीस, "काखंजवल सुपारीयेवडं कायतरी लागतंय." आणि मी काय विचारलं, तर सोललेली की सालीसकट? तू हसलीस. "सोललेली रं. तू त्याचंबी माप घे."

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मुंबईला पाठवून तपासणी करून घेतली, आणि साध्या शब्दांत सांगितलं की गाठ वाईट आहे पण लहान आहे, आत्ताच काढून टाकू. मांडव्याहून लाँचने जायचं ठरलं. तू पिशवी भरलीस. दोन लुगडी, एक तांब्या, आणि खोबऱ्याच्या वड्या, तिथल्या नर्सबायांना द्यायला. तू लाँचमध्ये कधी बसली नव्हतीस. त्या तपासणीलाही आपण एसटीने वळसा घालून गेलो होतो, तुला पाण्याची भीती वाटायची म्हणून. शेजारणीला सांगत होतीस, "मधी थांबली तर काय करायचं गो? उतरायचं कुठं?"

आणि त्याच आठवड्यात माझ्या हाती ह्याच औषधवाल्याचं पत्रक आलं. कुणी दिलं हे महत्त्वाचं नाही, कारण कुणी दिलं म्हणून मी फसलो नाही. मी त्याची परीक्षा घेतली आणि मग फसलो. मला वाटायचं, खोटं औषध कसं ओळखायचं हे या जिल्ह्यात माझ्याएवढं कुणाला कळत नाही. खोटं औषध सगळ्या रोगांवर चालतं, हे फक्त गाठीवर होतं. खोट्या औषधाच्या पत्रांना पत्ता नसतो, इथे पूर्ण पत्ते होते. जाहिरातीत सहसा नसतं असं एक वाक्यही होतं, की सर्वांनाच गुण येतो असे नाही. त्या एका वाक्याने मला गुंडाळलं. तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. एक पत्ता रोह्याकडचा होता, तिथे स्वतः गेलो. माणूस जिवंत, धडधाकट, अंगणात गवताचे भारे बांधत होता. खांद्यावरची जागा दाखवली, गाठ होती, गेली म्हणाला. मी वहीत टिपून घेतलं. ते साधं गळू होतं, पिकून आपसूक फुटलेलं, हे मला तू गेल्यावर दीड वर्षाने कळलं. गळू होतं का, हे मी त्याला विचारलं नव्हतं. बाकी सगळं विचारलं होतं.

तू मात्र एक विचारलंस. बाटली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलीस आणि म्हणालीस, "ह्यो तुज्या कागदातला पट्टा तर न्हाय ना रं?" मी चिडलो. म्हणालो, आये, मी स्वतः जाऊन बघून आलोय, त्या जाहिराती वेगळ्या आणि हे वेगळं, तुला यातलं काय कळतं? तू म्हणालीस, "तू बगून आलास ना, मंग बस झालं." आणि भरलेली पिशवी रिकामी केलीस. वड्या शेजारच्या मुलांना वाटल्यास.

पहिल्या महिन्यात तुला खरंच हुशारी आली. भूक लागायला लागली, झोप लागायची, पुन्हा सुपारीच्या राशीपाशी बसायला लागलीस. जुन्या औषधांमध्ये काय असायचं हे मी नंतर पुष्कळ वाचलं. अफू असायची, दारू असायची, म्हणून चार दिवस माणसाला बरं वाटायचं. तुझ्या बाटलीत काय होतं ते मला माहीत नाही. शेवटच्या बाटलीत तळाला दोन बोटं उरलं होतं, ते तपासून घेता आलं असतं. तपशिलाचा माणूस मी, आणि तेवढं एक ओतून दिलं.

मग औषधवाल्याने पत्र मागितलं. आये, खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कुणीतरी माझ्याकडून लिहून मागत होतं. मी तीन खर्डे केले. तिसरा तुला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, आता मी पूर्ण बरी झाले आहे. तू म्हणालीस, "पूर्न नको लिवू. बरं वाटतंय, येवडंच लिव."

"असं अर्धवट वाक्य बरं दिसत नाही, आये."

"पन मी पूर्न बरी झाले आसं मी कवा बोल्ले?"

"होशीलच ना. छापून येईपर्यंत होशील."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग पदराला हात पुसलास, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवलास आणि मी बोट ठेवलं होतं तिथे दाबलास. "झालं का तुज्या मनासारकं?" एवढंच म्हणालीस. त्यात राग नव्हता. राग असता तर मला आज बरं पडलं असतं.

पाचव्या महिन्यात अंघोळीनंतर तू मला हाक मारलीस. दाराआडून म्हणालीस, "पोरा, आता सालीसकट झाली." आपण त्याच दिवशी निघालो, लाँचने नाही, गाडी करून. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी बाहेर आलो तर तू विचारलंस, "रागावला का रं त्यो?" आणि माझ्या पाठीवर हात फिरवलास. त्यानंतर तू सात आठवडे होतीस.

तर रविवारी त्या बाईने विचारलं, ही जिवंत आहे का, आणि मी म्हणालो, नाही. ही माझी आई. हे पत्र छापून आलं त्यानंतर काही महिन्यांतच ती गेली. तुमच्या बहिणीला गुरुवारी मुंबईला न्या, एक दिवससुद्धा थांबू नका. माझा आवाज नीट होता. बाई रडायला लागली. मग तिने डोळे पुसून पत्रकाकडे बघितलं आणि विचारलं, "मग हे लिहिलं कुणी? इतकं चांगलं लिहिलंय."

मी म्हणालो, "असली पत्रं औषधवालेच लिहितात."

"तुमच्या आईला फसवून अंगठा घेतला मेल्यांनी," ती म्हणाली. मी मान हलवली, आये.

गुरुवारी सकाळी मी मांडव्याला गेलो. धक्क्यावर कशाला आलो हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोघी आल्या. बहीण तिच्यापेक्षा लहान निघाली, पिशवी छातीशी धरून चालत होती. बाईने मला ओळखलं, तिला सांगितलं, "हेच ते. ह्यांच्याच आईला फसवलं." बहिणीने मला नमस्कार केला. नंतर लाँचकडे बघत मला म्हणाली, "काका, ही मधेच बंद तर नाही ना पडत?" मी म्हणालो, नाही पडत, तासाभरात पोचवते. तेव्हा सांगायला हवं होतं. ‘पूर्ण बरी झाले’ हे वाक्य औषधवाल्याचं नाही, माझं आहे, एवढंच सांगायचं होतं. दोर सुटला, लाँच वळली, ती बहीण कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती गेली हे बरं झालं. तू गेली असतीस तर तूही तशीच धरून उभी राहिली असतीस.

तळ्याला जाऊन ते पत्रक बंद करायला लावायचं अजून राहिलंय. त्यांच्याकडे माझ्या अक्षरातला मूळ कागद असणार, म्हणून पाऊल उचलत नाही. बारा वर्षं हेच कारण आहे. उद्या जाईन असं तुला लिहिणार होतो, पण तू म्हणशील, होत न्हाय ते लिवू नको. म्हणून लिहीत नाही. जाईन तेव्हा जाईन. हा कागद तर कुठे जायचाच नाही.

एक राहिलं. ते पत्रक मी त्या बाईकडून मागून घेतलं होतं, जाळून टाकतो म्हणालो होतो. जाळलं. पण आधी तुझा अंगठा तेवढा पात्याने कापून घेतला. पट्टी लावून कापला तरी चौकोनाच्या चारही कडा वाकड्या आल्या आहेत.