नव्या कोंबडीच्या पायातली चिंधी

बुधवार, दिवेलागण

मेढ्याहून आणलेल्या नव्या पांढरीला आमची काळी कोंबडी टोचून रक्त काढायची, म्हणून काळीला चार दिवस डालग्याखाली कोंडलं. तर आज बाकीच्या कोंबड्याही पांढरीच्याच पायामागं! शेजारच्या आक्का कुंपणावरनं बघत होत्या. म्हणाल्या, "आगं, लाल चिंधी कुणी बांधली तिच्या पायाला? रक्त समजून टोचत्यात त्या."

मीच बांधली, आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून. दरवेळी निळी बांधते, यावेळी हाताला लाल लागली. एवढं कसं सुचलं नाही मला?

चिंधी सोडली आणि काळीला बाहेर काढलं. तिनं पांढरीकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्या हातातल्या चिंधीवर चोच मारली.

ह्यांना आता काय सांगू? रविवारी काळीला कापा म्हणून मागं लागलेली मीच.