पंचविसाचं घर

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार
दुसरीची पोरं पाचाचा पाढा भजनासारखा म्हणतात. पंधराच्या पुढं काय, विचारलं की पुन्हा पाच एके पाचपासून गाडी सुरू! डोकं उठलं.

मागं कारखान्याच्या क्लबात साहेबलोक हाऊजी खेळताना बघितले होते. चिठ्ठी काढायची, आकडा झाकायचा. तेच पोरांना द्यायचं. फक्त मी पंधरा म्हणलं की त्यांनी पाच पुढं जाऊन वीस झाकायचा. असं शंभरापर्यंत. कागदावर नऊ घरं, झाकायला चिंचोके. घरं भरली की ‘झालं’ म्हणायचं, पहिल्याला गुळाचा खडा. गूळ घरच्या डब्यातला. बायकोला, हमिदाला अजून सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी
उस्मानाबादला जाऊन आलो. तिथं खरेदी-विक्री संघात व्यंकट कारकून आहे, ओळखीचा. साहेब जेवायला गेल्यावर त्यानं सायक्लोस्टाइलवर माझा कागद फिरवला. तीस प्रती! लई ऐटीत एसटीत बसलो.

१६ फेब्रुवारी
शहाणपणा करायला गेलो अन् तोंडावर आपटलो. स्टेन्सिल एकच कापलेलं – तीसही कागद सारखेच! अख्खा वर्ग एकदम ओरडला, ‘झालं!’ हेडमास्तर तात्याराव पळत आले. त्यांना वाटलं भिंत पडली. कळल्यावर पोट धरून हसले.

गूळ सगळ्यांनाच द्यावा लागला. घरी हमिदानं डबा हलवून बघितला. “गूड कायकू लेजारे जी शाला में?” म्हणलं, सरकारी काम आहे.

२० फेब्रुवारी
आईबापांमागं दुष्काळी कामावर गेलेली पोरं परत शाळेत यायला लागली. गणितासाठी का गुळासाठी, ते विचारायची माझी छाती नाही. पण पस्तीस म्हणलं की चाळीस, फटाफट झाकतात. कागद बदलायचा विचार सोडून दिला. खेळ आता शेवटच्या तासाला. सगळ्यांचं झालं की सगळ्यांना गूळ अन् सुटायची घंटा, असा नेम केलाय.

तेव्हापासून सरुबाईच्या पोरीचं, गुलाबचं काही होत नाही. कागद तोच, तरी एक घर रोज रिकामं. चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा वाचतो, पोरं कावतात, शेवटी मीच तिचा चिंचोका ठेवून घंटा देतो. आज वैतागून तिला ढ म्हणालो.

२६ फेब्रुवारी
शाळा तपासायला विस्तार अधिकारी गुरुवारी येणार. शाळेत मटका चालतो म्हणून कुणीतरी वर कळवलंय. शाब्बास!

तात्याराव म्हणाले, “चाँदपाशा गुरुजी, एक जरी पोरगं अडलं तरी खेळ बंद अन् तुमची रवानगी लोहाऱ्याला. त्या गुलाबला येऊ देऊ नका.”

हमिदाचे दिवस भरत आलेत. असल्या वेळी बदली कुठं झेपायची? गुलाबला सांगितलं, गुरुवारी येऊ नको.

१ मार्च, गुरुवार
आली! सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसली. घालवून द्यायला तोंड उघडलं तोवर साहेब दारात.

खेळ झाला. सगळे ओरडले. गुलाबचं पंचविसाचं घर रिकामं. साहेब तिच्यापाशी वाकले. विसाच्या पुढं पाच? पंचवीस. पंचाहत्तरच्या? ऐंशी. मग उलटं विचारलं, तेही बरोबर. मग झाकत का नाहीस, म्हणाले. गुलाबनं मूठ आवळून घेतली. साहेबांनी शेरा लिहिला – ‘पद्धत उत्तम. मात्र खेळ वेळेत संपवावा.’ अन् एसटी गाठायला निघून गेले. बदली टळली. तात्यारावांनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला.

घंटा झाली तरी गुलाब बसूनच होती. जवळ बसून विचारलं. खाली बघत म्हणाली,
“समद्यांचं झालं की शाळा सुटती, गुरुजी. मग खडी फोडाय जावं लागतंय.”
मूठ उघडून चिंचोका परत दिला. तळव्याला फोड, एक फुटलेला. त्याच हातावर मी रोज गूळ ठेवत होतो अन् मला दिसलं नाही. लाज वाटली.

२ मार्च
गूळ आधीच वाटून टाकला. विसाची चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांतून काढून खिशात घातली. दिवस मावळेपर्यंत खेळलो. कुणाचंच झालं नाही.