हमरा गवताला तोंड लावत नाही

९ जानेवारी
आजही तेच! खमीसला मातीत ठेवल्यापासून त्याची तांबडी गाय हमरा खात नाही. दोन काड्या चघळते, पाणी पिते आणि दाराकडे बघत राहते. मीही बघते. नवरा दारातून येईल असं अजून वाटतं मला. पण तिच्या पोटात वासरू आहे.

११ जानेवारी
ऐन द्राहम गावाहून ढोरांचा डॉक्टर आला. मी इद्दतीत, विधवेने पाळायच्या एकांतात, परपुरुषासमोर यायचं नाही, म्हणून सासूच बोलली. मी दाराआड. "आजार काही नाही. खाल्लं नाही तर वासरू जाईल, मागोमाग गाय." असं सांगून गेला!

खमीस करायचा तसंच केलं. गठ्ठ्याची दोरी सोडली, गवत गुडघ्यावर आपटून धूळ झाडली, मूठ मूठ तोंडापुढे धरली. तिने माझी बाही हुंगली आणि मान फिरवली. बिनआईचं वासरू होती, त्यानेच बाटलीवर वाढवली.

भिंतीपलीकडून शेजारीण झीना ओरडली, "सालहा, तुझ्याबरोबर गायपण इद्दतीला बसली का गं?" मला हसू आलं, मग रडू आवरेना.

१२ जानेवारी
त्याची कशाबिया! तो जाड लोकरीचा झगा घालूनच तो गोठ्यात जायचा. त्याचा वास आला तर खाईल ती — पण झगा आहे कुठे? अम्मीने, म्हणजे सासूने, तिसऱ्याच दिवशी सगळे कपडे बोचक्यात बांधून डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या मेंढक्याला दिले. मयताच्या नावाने द्यायचे असतात, ठाऊक आहे मला. मी एक सदरा मागितला होता. "चिंधीसुद्धा ठेवायची नाही!" पोटचा मुलगा गेला, पण बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे नुसती.

१३ जानेवारी
धीर करून विचारलं. "अम्मी, झगा एका दिवसापुरता मागवू या?"

"त्याच्या नावाने दिलेलं परत घेतात? कबरीतल्या माणसाला उघडं करायचंय तुला?"

"मग वासराचं काय?"

"गप्प बस. ही भाकरी खा आधी. तू तरी कुठे खातेस?"

१५ जानेवारी
हमरा आज उठलीच नाही. बाहेर बर्फ. तिच्या मानेला टेकून बसले आणि म्हटलं, तो येणार नाही गं आता. हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. अम्मी दारात उभी होती. ऐकून निघून गेली.

१६ जानेवारी
सकाळी गोठ्यात गवत चावल्याचा आवाज! अम्मी जमिनीवर बसलेली, डोक्यावर खमीसची लाल लोकरी टोपी. मूठ मूठ गवत पुढे करतेय आणि हमरा खातेय. मला बघून अम्मीने टोपी काढली, माझ्या हातात दिली.

"संध्याकाळी तू घाल. धुऊ नकोस. आणि रात्री मला परत दे — ती उशाशी नसली की झोप लागत नाही मला."