शेऱ्याचा रिकामा रकाना

खजुरी,
बुधवार

प्रिय प्रियंका,

सप्रेम जय भीम. फोन असताना आईला पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तुला वाटेल. दर रविवारी अप्पा विहारात गेले की आपण बोलतोच. पण फोनवर जरा अवघड काही निघालं की तू "राहू दे आई" म्हणतेस, मीही लगेच तुझ्या रेणूच्या खोकल्यावर येते, आणि मग ते राहूनच जातं. म्हणून आज वंदना आटोपून लिहायला बसले आहे. कागद मागच्या सालच्या कॅलेंडरचे आहेत. मागची बाजू चांगली कोरी आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. तारखा पलीकडून उमटल्यासारख्या दिसतील, तिकडं लक्ष देऊ नको.

इकडं सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा थंडीत दुखतो, पण विहाराचा झाडू ते कुणाला देत नाहीत. स्नेहल पंधरा दिवस झाले गुलबर्ग्याहून घरी आली आहे. शेवटच्या वर्षाला तिला एक काम करून दाखवायचं आहे. बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या वापरतात तसल्या डेटाबेसवर कुठली तरी खरी माहिती भरायची आणि ती नीट चालते हे सरांना दाखवायचं. बाकीच्या मुलींनी दवाखाना घेतला, लायब्ररी घेतली. आपल्या बाईसाहेबांनी विहाराची कुटुंबवही घेतली. म्हणजे वही माझी, बावीस वर्षांची, आणि मार्क तिला. मी वाचते, ती टाइप करते. मॅट्रिकवर थांबलेली मी, पण या पंधरा दिवसांत बरंच शिकले बघ. तिलाही समजावून सांगताना धडा पक्का होतो म्हणे.

पहिल्या दिवशी तिनं मला सुशीलाबाईवरून अडवलं. आपल्या गल्लीत सुशीलाबाई तीन. मी वहीत नळाजवळची, शिलाईवाली आणि थोरली असं लिहून भागवत आले. स्नेहल म्हणाली, आई, मशीनला नळ कळत नाही. नावावर भरवसा ठेवायचाच नाही. प्रत्येक माणसाला एक नंबर द्यायचा. तो जन्मभर बदलत नाही, आणि ते माणूस वारलं तरी दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दुसरं शिकवलं ते असं, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची. प्रेमानंदचं घर शाळेमागून सडकेवर गेलं तेव्हा मी त्याच्या पानावर पत्ता बदलला आणि सभासदांच्या यादीत विसरले. बिचाऱ्याला धाडलेलं लग्नाचं निमंत्रण वर्षभर बंद घराच्या कडीला अडकून राहिलं. आता घरांचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा. माणसापुढं घराचा फक्त नंबर. पत्ता घरापाशी एकदाच बदलला की सगळीकडं बदललेला दिसतो. या तक्त्यांतल्या नात्यावरच सगळा खेळ आहे, असं ती म्हणते. मला ते लगेच पटलं. संसारात तरी दुसरं काय असतं?

आता लेकींचं सांगते. वहीची रीत तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच आहे. एका घराला एक पान. माणूस वारलं की नावाभोवती गोल आणि तारीख. लेक सासरी गेली की नावावर काट, आणि शेऱ्याच्या रकान्यात गावाचं नाव. त्या शेऱ्यावरून मी बुद्धपौर्णिमेची यादी करते. वर्षात दिलेल्या लेकींची नावं अप्पा माइकवर वाचतात, आणि एकेकीला पुढं बोलावून पांढरं लुगडं देतात. स्नेहलच्या तक्त्यात मात्र काट हा प्रकारच नाही. लेक आपल्या माहेरच्या घरात आपल्या नंबरासकट तशीच राहते. लग्न तिसऱ्या तक्त्यात, सासरचं घर चौथ्या. सासर जोडायचं, माहेर तोडायचं नाही. मी काट मारलेली नावं वाचत गेले आणि ती भरत गेली. उदगीरला दिलेली विजयश्री, लातूरची, भालकीची. एकेचाळीस लेकी निघाल्या. मी त्या सगळ्यांवर आपल्या हातानं रेघ ओढली होती, आणि त्या दिवसापर्यंत त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आपलं पान आलं. अप्पा तिथंच खुर्चीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी वाचलं, तात्याराव, विमलबाई, स्नेहल, आणि पान उलटायला लागले. पण स्नेहलचं लक्ष अनुक्रमांकावर होतं. एक, दोन आणि एकदम चार. ती म्हणाली, "काट मारलेल्या सगळ्या लेकी भरल्या की आपण. मग अक्कालाच कामून सोडायलीस?" मी म्हटलं, बरं, नाव भर, पुढचं रिकामं सोड. तिनं तसं करून बघितलं, तर मशीन घेईना. लग्न लिहायचं तर सासरच्या घराचा नंबर पाहिजे, आणि ते घर चौथ्या तक्त्यात आधी असलं पाहिजे. नसलेल्या घराशी नातं जोडता येत नाही, असा नियम तिनंच घातलेला. मी म्हटलं, मग शून्य लिही. तेव्हा ती हसली आणि मला शिकवायला लागली. शून्य वेगळं आणि रिकामं वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामं म्हणजे आपल्याला माहीतच नाही. मग तिनं सहज विचारलं, "आपल्याला माहीत न्हाई का?"

प्रियंका, मला माहीत होतं. मन्नाएखेळ्ळी, हायवेच्या कडेला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानामागचं घर. सासरे काशाप्पा, सासू पद्माबाई, अंगणात अजून चार मेंढ्या बांधलेल्या. तू फोनवर सांगितलेलं सगळं मला पाठ आहे. तुमचं लग्न नोंदवलं त्याच आठवड्यात मी वही काढली होती. काट मारली. शेऱ्यात गाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. गाव लिहिलं की बाया विचारणार, कुणाचं घर, तिथं विहार कुठला. धनगराच्या घरात दिली म्हणून सांगावं लागणार. अनिलकुमार चांगला मुलगा आहे हे तेव्हाही मला दिसत होतं, पण चारचौघींपुढं माझी जीभ उचलत नव्हती. म्हणून तो रकाना रिकामा ठेवला. माहीत नसल्यासारखा.

शेरा नाही म्हणून पौर्णिमेच्या यादीत तुझं नाव आलं नाही. तू आलीस, नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसलीस, मी मागून बघत होते. अप्पांनी सहा नावं वाचली आणि कागद घडी केला. तू उठलीस ती सरळ वहीपाशी गेलीस, आपलं पान काढलंस, आणि खिरीला हात न लावता गेलीस. त्या दिवसापासून चार वर्षं तू त्यांच्याशी बोलली नाहीस. तुला वाटलं, वही आई लिहीत असली तरी बापाच्याच सांगण्यावरून शेरा कोरा राहिला, आणि माइकवर नाव त्यानंच गाळलं. तू मला फोनवर म्हणालीस, "अप्पांनी मला मेल्यासारखं केलं." मी ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही.

आणि घरी काय झालं ते तुला माहीतच नाही. त्या संध्याकाळी अप्पांनी मला विचारलं होतं, आपल्या पोरीचं नाव यादीत कामून नव्हतं. मी म्हटलं, तीच नको म्हणाली. त्या घरातल्यांना तिचं नाव विहारात घेतलेलं चालत नाही. एवढं बोलले मी, गार तोंडानं. लेकीला आपल्या विहाराची लाज वाटते, असं धरून तो माणूस चार वर्षं दर रविवारी तिथला झाडू मारत आला. तुझा फोन यायच्या वेळेला ते मुद्दाम बाहेर जातात, तुला अवघड होऊ नये म्हणून. तू समजतेस, ते टाळतात. रेणूचे फोटो मात्र स्नेहलच्या मोबाइलवर बघतात, आणि मी आले की मोबाइल पालथा ठेवतात.

हे सगळं कदाचित असंच राहिलं असतं. पण शुक्रवारी मी उत्तर देईना तेव्हा अप्पांनी मला सोडून स्नेहललाच तिच्या मशीनचं विचारलं. म्हणाले, ह्याच्यात कुणी उद्या येऊन गुपचूप बदललं तर? ती मोठ्या उत्साहानं सांगायला लागली. मोठ्या ऑफिसातल्या डेटाबेसात प्रत्येकाचं खातं वेगळं असतं. कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं हे ठरलेलं असतं, आणि कुणी, कधी, कुठल्या रकान्यात काय बदललं त्याची वेगळी नोंद आपोआप राहते. ती नोंद बदलणाऱ्याला पुसता येत नाही. पोरीला बिचारीला काही ठाऊक नव्हतं, ती त्या साली वसतिगृहात होती. अप्पांनी वही मांडीवर ओढली आणि पहिल्यांदाच तुझ्या नावावरची काट आणि पुढचा कोरा शेरा बघितला. चार वर्षांत त्यांनी ते पान उघडलं नव्हतं. दुखेल म्हणून उघडलं नसेल. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या वहीत तशी नोंद न्हाई. मग हे कुणाच्या सांगण्यावरून झालं, तूच सांग."

रोज सकाळी पंचशील म्हणते मी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन हे रोज तोंडानं म्हणते, पालीतून आणि मराठीतूनही. त्या दिवशी सकाळीही म्हटलं होतं. मग सांगितलं. काट माझी, यादी माझी, आणि तीच नको म्हणाली हेही माझंच. अप्पा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते त्या रेघेवर बोट ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "पट्टी लावून मारलीस." खरंच पट्टी लावली होती. वही स्वच्छ राहावी म्हणून सगळ्याच पट्टीनं मारते.

त्या दिवशी ते जेवले, पण ताट स्वतः वाढून घेतलं. रविवारी विहारातून आल्यावर स्नेहलला म्हणाले, ते चौथ्या तक्त्यातलं घर उघडायला काय काय लागतं ते कागदावर काढून दे. तिनं काढून दिलं. घरातल्या मोठ्याचं नाव, बाकीच्यांची नावं, गाव, लेकरं. विहारात कुणी विचारलं तर, असं ती बोलायला लागली, तर म्हणाले, विचारू दे, मी सांगतो. मी भीत भीत म्हटलं, मला सगळी नावं पाठ आहेत, लिहून देऊ का. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू सांगितलेलं लिहिणार न्हाई. तिच्या तोंडून ऐकून लिहीन."

म्हणून हे पत्र. अप्पा येत्या रविवारी येणार आहेत. उमरग्याहून हुमनाबादची गाडी धरून दुपारच्या आत पोचतील. मी तुला आधी सगळं सांगते म्हटलं, फक्त तेवढ्यापुरते ते थांबले आहेत. स्नेहल उद्या आळंदला जाते आहे, तिच्याकडं हे स्पीड पोस्टला देते, म्हणजे शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. त्यांना दारातून परत पाठवू नको. चार वर्षं तू ज्यांच्यावर रागावलीस त्यांनी काही केलेलं नाही. जे केलं ते मी केलं, आणि बायांच्या बोलण्याला भिऊन केलं, याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. अनिलकुमारला आणि त्याच्या आईवडिलांनाही हे वाचून दाखव, त्यांच्या घराचं नाव मी खोट्यात घेतलं होतं. मला क्षमा कर असं आत्ताच म्हणत नाही. या रविवारी मी फोन करणार नाही. तुम्ही बापलेक निवांत बोला. नंतर कधी वाटलं तर तू लाव, कितीही दिवसांनी, मी उचलीन. गुडघ्याचं तेल त्यांच्या पिशवीत ठेवते आहे. ते स्वतः मागणार नाहीत, तूच विचार.

रेणूला गोड पापा.

तुझीच, चुकलेली,
आई