वाटूरचं गिऱ्हाईक

जालना
सोमवार, १० मार्च २०२५

चि. निखिल,

जय भीम आणि भरपूर आशीर्वाद. आम्ही इथं खुशाल हाय, तू बी पुण्यात खुशाल असशील. ऊन आत्तापासूनच चटका देऊन राह्यलं. दोडक्याचा वेल पत्र्यावर चढलाय. पप्पा बरे हायत. जेवतात, सकाळी स्टेशनपर्यंत चक्कर मारून येतात. समोरच्या कांताबाईची मोनाली परीक्षेसाठी बुधवारी पुण्याला येऊन राह्यली, तिच्याच हाती हे पत्र देते.

पत्र बघून हसशील. हस. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस आणि मेसेज टाकला की अंगठा पाठवतोस. कागदाला अंगठा पाठवता येत न्हाई, म्हणून कागद.

परवा तू जे बोललास ते आधी लिहून काढते, म्हणजे नंतर "मी असं म्हणलोच न्हाई" म्हणायला जागा नको. तू म्हणलास, तेवीस तारखेच्या रविवारी लग्नाचं बोलायला यशश्रीच्या घरचे येऊन राह्यले, त्याच्या आत पुढची खोली रिकामी कर. दारावरची पाटी काढ. गिटारी, माईक, स्पीकरचे बॉक्स, सगळं एमआयडीसीत माझ्या दोस्ताच्या गोडाऊनला टाक. कोणी विचारलं तर सांग, मी घरीच असते. तिच्या मामानं मोबाईलवर "जालन्याची बेसवाली मावशी" हा पाटीसकटचा व्हिडिओ बघितला आणि चार माणसांत हसला, म्हणून तुझी मान खाली गेली. आणि शेवटी म्हणलास, "पप्पांना पाव्हण्यांसमोर बोलायला लावू नको, ते माझ्यावर रागात हायत."

तर माझं उत्तर ऐक. न्हाई. पाटी निघणार न्हाई आणि खोली बी रिकामी व्हणार न्हाई.

आता का न्हाई ते सांगते. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला सोपं हाय, इथल्या शेळ्या तुला म्हाईतच न्हाईत.

हा धंदा लावला कोणी? तूच. नोकरी लागली तेव्हा तू म्हणलास, आई, माझा बेस गिटार विकून टाक, मला आता टाईम न्हाई. मला विकायचं काय ठावं! मोनालीनं फोटो काढून मोबाईलवर टाकले, आणि विचारणारांची रांग लागली. सगळ्यांचं एकच, मावशी आणखी काय हाय? तवा मला समजलं की ह्या भागात वाजवणारे लै, आणि देणारं कोणीच न्हाई. गायन पार्ट्या हायत, कव्वाल हायत, जागरणवाले हायत. एप्रिलातल्या भीमजयंतीच्या आधी प्रत्येकाला स्वतःचं गाणं घरी बसून रेकॉर्ड करायचं असतं. आणि तिकडं हैदराबादला, पुण्याला तुझ्यासारखी पोरं नोकरी लागली की बेस पलंगाखाली सरकवतात. मी मधी उभी राह्यले. ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून माल येतो, खोलीत उतरतो, वाजवून बघते, आणि ज्याला पाहिजे त्याला देते. ह्यात चोरी न्हाई, चहाडी न्हाई.

सुरुवातीला फजिती झाली, ती बी सांगते, यशश्रीच्या त्या मामाला सांग म्हणजे आणखी हसंल. सिकंदराबादहून एक बेस आल्ता, पाच तारांचा. तुझा चारांचा, म्हणून मला वाटलं बेस चारांचाच असतो, आणि ह्या पोरानं हौसेनं एक जास्तीची घातली. मी ती जाडी तार काढून टाकली आणि दोडक्याचा वेल बांधला तिनं. बेस परतूरच्या एका गायन पार्टीवाल्याला दिला. तो म्हणला, मावशी, एक खुंटी रिकामी दिसती. मी म्हणले, ती इस्पेअर हाय बाबा. तो बिचारा घेऊन गेला! दुसऱ्या दिवशी हसत हसत परत दारात. "मावशी, त्या पाचव्या तारंसाठीच तर घेतला मी." मंग मी गेले परसात, वेल सोडला, तार पुसली, आणि त्याच्या हातात दिली. तो अजून बी माझं गिऱ्हाईक हाय. त्यानंच मला शिकवलं की तार मानेवरच्या आडव्या दांडीवर, परद्यावर, खरखरती का, मान वाकडी हाय का, हे कसं बघायचं.

आणि तो मामा ज्या पाटीला हसला ना, "काळी-पांढरी लावून मिळेल", ती मी मुद्दाम लावली. इकडचा गाणारा पेटीवर शिकतो. त्याला पट्टी विचारली तर तो काळी चार म्हणतो, पांढरी पाच म्हणतो. बेसवाली पोरं इंग्रजी अक्षरं म्हणतात. दोघं समोरासमोर बसले की नुसते एकमेकांचं तोंड बघत राहतात. मंग मी बेसच्या मानेवर चिकटपट्टीचे तुकडे लावते, हिथं पांढरी तीन, हिथं काळी चार. बस. माझ्या बापाची वाटूरला गायन पार्टी होती. पट्टी मला पाळण्यात कळत होती, ते काय मी मोबाईलवर शिकले न्हाई. हसणाराला हसू दे. त्याच्या हसण्यानं माझा बेस बेसूर व्हत न्हाई.

तू म्हणशील, एवढंच हाय तर चार दिवस गोडाऊनला ठेवायला काय जातं? पाव्हणे गेले की परत आण. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इथं मी दोनदा पेन खाली ठेवलं. चहा केला. पुन्हा बसले.

निखिल, चार दिवस बी ती खोली बंद ठेवता येत न्हाई. आणि त्याचं कारण धंदा न्हाई.

तुझा बेस घेणारं वाटूरचं गिऱ्हाईक आठवतं का? मी तुला फोनवर म्हणले, वाटूरचं एक भलं माणूस हाय, घासाघीस न करता घेऊन गेलं. तुला पैसे बी पोचले. तू विचारलंस, वाजवतो का चांगला? मी म्हणले, शिकून राह्यलं.

ते गिऱ्हाईक मी हाय. माझं माहेर वाटूर, म्हणजे खोटं कुठं बोलले? माझ्या भिशीचे पैसे होते, ते दिले. तुझा बेस ह्याच खोलीत हाय, भिंतीला टांगलेला. तो पाच पार्ट्यांनी मागितला, एकाला बी दिला न्हाई. आणि खरंच शिकून राह्यले. बोटाला घट्टे पडलेत.

आता का घेतला ते सांगते. हे सांगायला तुझ्या पप्पांनी बंदी घातली होती. आज मी ती मोडते.

तुझ्या पप्पांना ऐकू येत न्हाई, बाळा.

एकदम झालं न्हाई. स्टीलच्या मिलमधी लोखंडी पट्ट्या ओढायच्या त्या मशीनपाशी त्यांची सारी उमर गेली, तू बघितलंस. आधी कुकरची शिट्टी गेली. मंग दाराची कडी. मंग माझा आवाज. मी मागून हाक मारायची आणि हे पुढं चालत राहायचे, मला वाटायचं मुद्दाम करून राह्यले, मी भांडायची! संभाजीनगरला डॉक्टरला दाखवलं. तो म्हणला, बारीक आवाज गेलेत, ते परत येत न्हाईत. कानाचं मशीन दिलं. ते घातलं की सगळा कल्ला डोक्यात शिरतो म्हणतात, पुन्हा मिलमधी गेल्यासारखं व्हतं. काढून डबीत ठेवून दिलं.

तू फोन करतोस आणि म्हणतोस, पप्पांना दे. मी फोन दिला की ते "हं, हं" करतात आणि मला परत देतात. तुला वाटलं, नोकरीसाठी वाजवणं सोडलं म्हणून बाप रुसला. तू मंग त्यांना विचारायचंच सोडलंस. अरे, ते रुसले न्हाईत रे! त्यांना तू काय म्हणतोस तेच कळत न्हाई, आणि कळत न्हाई हे सांगायची त्यांना शरम वाटती. मला म्हणाले, "पोराला सांगू नको. नवीन नोकरी हाय, नवीन संसार मांडायचाय, त्यात बहिऱ्या बापाचं ओझं नको." मी ऐकलं त्यांचं. लै ऐकलं. आता बास.

तुझा बेस विकायला काढला त्या दिवशी मोनाली म्हणली, मावशी, वाजतो का ते बघून घ्या. मी बॉक्सला वायर लावली आणि जाडी तार नुसती ओढली. हे बॉक्सला पाठ टेकून मेथी निवडत बसल्ते. एकदम मान वर केली. मला म्हणाले, "निखिल आला?"

मी पुन्हा ओढली. त्यांनी मेथी खाली ठेवली, बॉक्सवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी ओढत राह्यले, ते बसून राह्यले. बारीक आवाज गेला, निखिल, जाडा आवाज न्हाई गेला. तो कानातून बी येतो आणि पाठीतून बी. बेस ऐकू येतो त्यांना. पूर्ण घरात तेवढंच ऐकू येतं.

तवापासून रोज गिऱ्हाईक आलं, बेस वाजला, की हे बॉक्सपाशी. कोण ताल सोडतंय हे बराबर ओळखतात. पोरं त्यांना विचारतात, काका, जमलं का? हे हातानं सांगतात. कोणी बिचकत न्हाई, कोणी ओरडून बोलत न्हाई. त्या खोलीत त्यांना कोणी बहिरा म्हणत न्हाई. ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत दिवस काढणारा माणूस आता सकाळी दाढी करून तयार बसतो, आज कोण येऊन राह्यलंय विचारतो. आणि तू मला सांगतोस, खोली रिकामी कर!

मी न्हाई करत. तुझ्या लग्नासाठी मी काय बी करीन, दागिना मोडीन, दारोदार पत्रिका वाटीन, पण माझ्या माणसाचा कान मी गोडाऊनला टाकणार न्हाई. पाव्हणे राग धरतील तर धरू देत. मला त्यांच्यावर राग न्हाई. यशश्रीला स्वतःला काय वाटतं ते तर तू मला सांगितलंच न्हाईस, मामा हसला तेवढंच सांगितलंस. लग्न मामाशी लावायचंय का तुला?

रविवारी त्यांना घेऊन ये. मी त्यांना मधल्या घरात न्हाई, त्याच खोलीत बसवणार. पोहे बी तिथंच. कोणी विचारलं, तुमच्या आई काय करतात, तर तू तोंड उघडायच्या आत मी सांगीन, जुने बेस घेते-विकते, रेकॉर्डिंगचं सामान देते, आणि थोडं वाजवते बी. माझ्या सांगण्यानं तुझं लग्न मोडत असलं तर ते लग्न माझ्या न सांगण्यानं टिकणार बी न्हाई.

इथपर्यंत लिहिलं आणि हे मागं येऊन उभे. मी कागद झाकला न्हाई. म्हणले, वाचा. चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं आता चिडतील, बंदी मोडली म्हणून कागद फाडतील. न्हाई. खुर्ची ओढली, माझ्या हातातून पेन घेतलं. खाली त्यांचं अक्षर हाय.

तुझी, आणि तुझ्याच नावानं भांडणारी,
आई
दैवशाला राजानंद, बेसवाली

*

निखिल,
खोली बंद केली तर मी तुझ्या पाव्हण्यांसमोर बसणार न्हाई. उघडी राह्यली तर बसतो. मला बोलायला लाव. मी जोरात बोलतो, तेवढं पोरीला आधी सांगून ठेव.
पप्पा