त्याची ओळ

दादा,

कालपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून कागदाशी बोलते. हा तुम्हाला द्यायचा नाही.

आपल्या नाटकाचा नायक लढाईच्या आघाडीवर गेला आणि तुम्ही त्याचा कोट आखूड करून नव्या नायकाला घातलात. ते मी सोसलं. पण तो बेपत्ता असल्याची बातमी पेपरात आली तेव्हा, माझं त्याच्याशी लग्न ठरलेलं ठाऊक असून, तुम्ही म्हणालात, "नाटक कुणासाठी अडत नाही."

काल आमच्या दोघांच्या गाण्यात त्याची ओळ आली, तेव्हा मी हात वर करून नव्या नायकाला थांबवलं. पेटीवाल्या काकांनी ती ओळ नुसती वाजवली. मी ऐकत उभी राहिले. तुम्ही विंगेतून ओरडलात, "अगं, गाऊ दे त्याला! लोकांनी तिकिटं काढलीत!"

गॅलरीतून एक आजीबाई म्हणाल्या, "राहू द्या हो मालक. आम्हीसुद्धा रोज एकाचं ताट मांडून ठेवतो."

त्यानंतर मी माझी पुढची ओळ गायले. 

आज सकाळी वहिनीकडून निरोप धाडलात, "पुन्हा असं केलंस तर सामान बांध." बांधलंय. ट्रंक विंगेत, तुमच्या खुर्चीशेजारीच ठेवली आहे, म्हणजे पडदा पडल्यावर शोधाशोध नको.

आज मी माझ्या ओळी गाईन आणि त्याची मोकळी ठेवीन. तो आला तर ती त्याची आहे. नाही आला, तरी दुसऱ्या कुणाची नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी